पाण्याखालचा इन्स्पेक्टर

१८ जानेवारी १९८६, शनिवार. सकाळी ७.१०
संपाला आज चार वर्षं झाली. बाकीच्या काही मिल चालू झाल्या, आमचीच नाही. पण यंदा रडगाणं बंद, असं ठरवलंय. ठरवून डिलाईल रोडवरून चालत वरळी कोळीवाड्यात आलो. धक्क्यावर बसून लिहितोय. समुद्र काठोकाठ. पाणी पायरीला लागलंय. वेळ टिपून ठेवली, उपयोगी पडेल.

दुपारी १
काम मिळालं! मिळाल्यातच जमा. इथे विठोबा नाखवा म्हणून मच्छीमार सोसायटीचे चेअरमन आहेत. किनाऱ्याजवळ खडकात एक जुनी बार्ज, म्हणजे सपाट बुडाची मालवाहू बोट, बुडालीय, तिच्या आडोशाला मासळी धरते. म्हणून नाखव्यांनी एका बंद मिलच्या भंगारातले लोखंडी साचे, म्हणजे कापड विणायचे माग, आणून तिच्याभोवती पाण्यात सोडले. माशांना चाळ बांधून दिली म्हणा ना. आता स्कूबा, म्हणजे पाठीला हवेचं सिलिंडर, लावून खाली जाऊन बघायचं: साचे हललेत का, मासे राहायला आलेत का, कुणाचं जाळं अडकलंय का. पगारी माणूस पाहिजे. पाण्याखाली कधी गेलायस का, असं विचारलं. कैकदा, म्हणालो. (गावच्या नदीत. पाठीला भोपळा बांधून. पण भोपळा नावाला होता.)
पोस्टचं नाव त्यांनी सांगितलं नाही. मी ‘पाण्याखालचा इन्स्पेक्टर’ धरून चाललोय.

संध्याकाळी
जाईला सांगितलं. ती खानावळीच्या पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, तुम्हाला पोहता कुठे येतं? मी समजावलं की स्कूबात पोहायचं नसतं, बुडायचं असतं. मग जमेल तुम्हाला, म्हणाली.
बायकोने दुसऱ्यांच्या पोळ्या लाटायच्या आणि मी गॅलरीत बसून पेपर वाचायचा. हे मला खुपतं. फार खुपतं. तिच्याशी बोलता येत नाही म्हणून इथे लिहिलं.

१९ जानेवारी, रविवार
नाखव्यांचा पुतण्या रघू भेटला. गोदीत बुडालेल्या बार्जा वर काढणाऱ्या कंत्राटदाराकडे तो डायव्हर आहे. सिलिंडर, तोंडावरची काच, बेडकाच्या पायासारखे बूट, कमरेचा शिशाचा पट्टा, सगळं दाखवलं. नियम तीन. घाबरायचं नाही, श्वास रोखायचा नाही, एकट्याने जायचं नाही. मी म्हणालो, एवढंच? अरे, एकोणीस वर्षं साचाखात्यात कापसाचा धुरळा ओढलाय मी. माझ्या छातीला तुझं सिलिंडर म्हणजे चैन आहे. रघू माझ्याकडे बघतच राहिला. आदर असणार.

२० जानेवारी, सोमवार. सकाळी ६.३०
सराव सुरू. नळाला पाणी आलं, पिंप भरलं, आणि श्वास रोखून डोकं आत घातलं. बत्तीस सेकंद. बत्तिसाव्या सेकंदाला शेजारच्या कमलाबाईंनी बोंब ठोकली की कोंडीरामने पिंपात जीव दिला हो. सगळा मजला गोळा झाला. दोघांनी माझे पाय ओढले. नाकातोंडात पाणी गेलं ते त्यांनी ओढल्यामुळे.
पिंप पिण्याच्या पाण्याचं होतं. जाईने ते गुपचूप ओतून दिलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.
(श्वास रोखायचा नसतो, हे नंतर आठवलं. पण रोखता येणं वेगळं आणि रोखणं वेगळं.)

२१ जानेवारी, मंगळवार
शिशाच्या पट्ट्याची सवय व्हावी म्हणून जाईच्या जुन्या लुगड्याने पोटाला वरवंटा बांधला. गॅलरीत चार फेऱ्या. पाचव्या फेरीत गाठ सुटली. अंगठा सुजलाय. डायव्हिंग हा धोक्याचा पेशा आहे, हे लोकांना कळत नाही.
चटणी पाट्यावर दगडाने वाटावी लागली म्हणून जाई पुन्हा गप्प. वरवंट्याचा टवका उडालाय.

२२ जानेवारी, बुधवार
नाखव्यांनी बोलावलं. रविवारी परीक्षा. बार्जेपाशी उतरून खालची खबर आणायची, जमलं तर नोकरी पक्की. किती वाजता येऊ सांग, म्हणाले. मी एका क्षणात सांगितलं: सात. पहिल्या पाळीचा भोंगा. नाखव्यांनी विचारलं, सात? आणि तिथी बघितलीस का?
इथे मात्र मी ठणकावलं. आमच्या घरात तिथी, मुहूर्त, पंचांग काही चालत नाही. आम्ही घड्याळ मानणारी माणसं. शनिवारी सातला भरती होती, माझ्याकडे लेखी नोंद आहे. शनिवारी सात तर रविवारी पण सात. शिफ्ट म्हणजे शिफ्ट.
नाखवा खूश झालेले दिसले. बराच वेळ हसत होते. बरं तर, सातला येतो, म्हणाले. त्यांच्या घरच्या दमयंतीबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. लाजाळू दिसतात.

२३ जानेवारी, गुरुवार
जाई बोलली! म्हणाली, रविवारी पौर्णिमा आहे, विहारात वंदनेला जायचंय. शिवाय पौर्णिमेच्या सकाळी आमच्या खाडीचं पाणी पार लांब जायचं, आम्ही पोरी चिखलात शिंपल्या-तिसऱ्या वेचायला जायचो. मी म्हणालो, ती गावची खाडी. हा मुंबईचा समुद्र आहे. इथे सगळं वेळेवर असतं.
तिने कपाळावर हात मारला. डोकं दुखत असेल.

२५ जानेवारी, शनिवार
तयारी पूर्ण. अख्ख्या चाळीला आमंत्रण दिलं. नारळ-बिरळ आणू नका, असं बजावलं. संकल्प: पक्का झालो की त्याच दिवशी पोळपाट माळ्यावर. जाईला हे सांगितलं नाही. सरप्राइज.

२६ जानेवारी, रविवार. सकाळी ६.५५
समुद्र जागेवर नाही.

७.०५
पाच मिनिटं इकडेतिकडे होतातच. येईल.

७.२०
येत नाहीये. नजर जाईल तिथवर चिखल. बार्ज दिसतेय, अख्खी. एका साच्यावर बगळा बसलाय. कोळणी चिखलात बसून तिसऱ्या वेचताहेत. चाळीतली तीस माणसं धक्क्यावर उभी आहेत आणि माझ्याकडे बघताहेत.

दुपारी ४
शांतपणे अहवाल लिहितो.
रघू म्हणाला, भरती बाराला आहे, तोवर चहा घे. मी म्हणालो, ड्युटी सातची आहे. सिलिंडर चढवलं, पट्टा बांधला, काच लावली आणि बेडकाचे बूट घालून धक्क्याच्या पायऱ्या उतरलो. त्या बुटांत पुढे चालता येत नाही म्हणून उलटं चालावं लागलं. बार्जेपर्यंत पंचवीस मिनिटं लागली. दोन कोळणींनी टोपल्या सरकवून वाट करून दिली.
बार्जेच्या पोटाखाली डबकं सापडलं. विधिपूर्वक त्यात पालथा झालो. कमाल खोली: गुडघा. सिलिंडर पाण्याबाहेर होतं, पण तोंड पूर्ण आत. पाण्याखालचा वेळ: अकरा मिनिटं. मासे: नाहीत. खेकडा: एक. साचे: जागेवर.
उठायला गेलो तर उठवेना. तीन कोळणींनी मला काखेत धरून उपसलं. एक बूट चिखलाने ठेवून घेतला. चाळीने टाळ्या वाजवल्या. कमलाबाई तर हसता हसता खाली बसल्या.
जाई हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.
नाखव्यांनी बाजूला नेऊन सांगितलं. गड्या, समुद्र कधी येतो आणि कधी जातो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला मी खाली सोडणार नाही. उद्या तुझ्या बाईला काय तोंड दाखवू? मी काच काढून डोळे पुसले. खारं पाणी गेलं असणार.
घरी येऊन अंघोळ केली. जाईने नवा सदरा काढून दिला, विहारात घेऊन गेली. परत आल्यावर ती पोळ्यांना बसली. मी पेपर उघडला नाही.

२७ जानेवारी, सोमवार. सकाळी ८
दमयंतीबाईंचा निरोप. बांबूंच्या मांडवावर बोंबील सुकत घातलेत, राखायला माणूस पाहिजे. कावळे, घारी, मांजरं. आठ दिवस बघू, जमलं तर कायम. चप्पल घालून तसाच निघालो. पोस्ट लहान वाटेल, पण थोडक्यात हवाई विभाग माझ्याकडे आलाय.

१०.३०
कावळे भिंतीवर ओळीने बसलेत. एकेकाकडे रोखून बघितलं. टरकलेत.

११.१५
परिस्थिती पूर्ण ताब्यात. कावळ्यांच्या हालचालींच्या बारीक नोंदी करायला घेतल्यात, म्हणजे महिनाअखेर सोसायटीला व्यवस्थित रिपोर्ट देता येईल.

११.४०
नोंदी करत असताना मांडवाची एक अख्खी रांग साफ झाली. दमयंतीबाई आल्या. रांगेकडे बघितलं, मग वहीकडे. म्हणाल्या, भाऊ, काम पाहिजे का वही?
काम पाहिजे, म्हणालो. एवढी ओळ पुरी करून वही देतो, असंही म्हणालो. त्या म्हणतात, ओळ पण नको.