वेग न दिलेला ट्रक

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरच घालतो आहे, कारण पाठ धरली आहे. का धरली ते पुढे येईल.)

तुझे गुडघे आता कसे आहेत? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर तू त्यांना "किती जिने ते स्पष्ट सांगा, उत्तर मोघम आहे" असं सुनावलंस, हे काकाकडून कळलं. गुडघ्यांपेक्षा मला डॉक्टरांची काळजी वाटली. माझं मागचं पत्र तू नेहमीप्रमाणे लाल शाईने तपासून परत पाठवलंस, ते मिळालं. दहापैकी साडेचार. शेरा, "पाल्हाळ फार, मुद्दा शेवटी." आणि समासात दोनदा अधोरेखित करून, "नोकरी कायम झाल्याशिवाय बाकीचे विषय काढू नयेत." आत्या, शाळेने तुला निवृत्त केलं, पण तुझ्या लाल शाईला कुणी ते कळवलेलं दिसत नाही. असो. या वेळी तुझ्या सूचनेनुसार मुद्दा आधीच सांगून टाकतो. मी सुटलो. कशातून सुटलो हे सांगायला मात्र थोडं पाल्हाळ लागेल, त्याचे गुण तू खुशाल काप.

तुला आठवत असेल, सत्र परीक्षेत माझ्या भौतिकशास्त्राच्या पेपरात निम्म्याहून जास्त वर्ग नापास झाला होता आणि मी ते तुला मोठ्या फुशारकीने कळवलं होतं. तूही खूश झाली होतीस. ("शाब्बास. गुण म्हणजे काय खिरापत आहे?" हे तुझेच शब्द.) पोरं मला मागे 'शून्य सर' म्हणतात हेही मी अभिमानाने लिहिलं होतं. हे नाव कसं पडलं ते लिहिलं नव्हतं. माझ्या उत्तरसूचीत, म्हणजे तपासणाऱ्यासाठी जी नमुना उत्तरं लिहून ठेवतात त्यात, प्रत्येक उत्तरापुढे 'अन्यथा शून्य' असं असतं. उत्तर जुळलं तर गुण, नाहीतर भोपळा. दया नाही, माया नाही, आणि तपासायलाही फार वेळ लागत नाही. निकालानंतर पाच-सहा मुलं स्टाफरूमच्या दारात आली होती. म्हणाली, सर, तो ट्रकचा प्रश्न जरा बघता का? मी चहा पीत होतो. कपातून तोंड न काढता म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं," आणि ती गेली. स्टाफरूममध्ये हशा पिकला. फक्त इतिहासाच्या मॅडम हसल्या नाहीत. (त्यांचा या पत्रात पुढे फारसा संबंध नाही.)

पण पालकांचे फोन प्राचार्यांना जायला लागले. आमचे प्राचार्य स्वभावाने देवमाणूस, पण फोनची घंटा वाजली की त्यांना घाम फुटतो. त्यांनी ठरवलं की मुलं नापास होतात म्हणजे शिक्षकांना परीक्षाच घेता येत नाही, तेव्हा सगळ्या शिक्षकांना मूल्यमापनाचं प्रशिक्षण द्यायचं. त्या सूचनेच्या तळाशी एक ओळ होती, जी मी उभ्यानेच वाचली आणि मग बसलो. ज्यांची नेमणूक अजून तात्पुरती आहे त्यांनी हे प्रशिक्षण उत्तीर्ण व्हायला हवं, नाहीतर त्यांचं नाव कायम करण्यासाठी समितीपुढे जाणार नाही. सगळ्या कॉलेजात तात्पुरता असा मी एकटाच. दरवर्षी उन्हाळ्यात 'पुढच्या वर्षी आहात ना?' असं ज्याला शिपाईसुद्धा विचारतो, तो मी.

प्रशिक्षणाला बाहेरून एक बाई आल्या. ठेंगण्या, इतक्या हळू बोलणाऱ्या की आम्ही पहिल्याच दिवशी त्यांचं नाव हळूबाई ठेवून मोकळे झालो. त्यांनी आम्हाला मुलांच्या बाकांवर बसवलं. (पाठ तिथे धरली. त्या बाकांची रचना करणाऱ्याला माणसाला पाठ असते हे कुणी सांगितलेलं नसावं.) आणि आत्या, काय सांगू, बाकावर बसताक्षणी आम्ही सगळे विद्यार्थी झालो. मागचे बाक आधी भरले. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख, ज्यांच्या तासाला पोरं श्वाससुद्धा विचारून घेतात, ते खिडकीशी बसून गणिताच्या सरांबरोबर फुल्ली-गोळा खेळत होते. हजेरीच्या वेळी एक गृहस्थ दोन वेगवेगळ्या आवाजांत 'हजर' म्हणाले. हळूबाई काहीही सांगू लागल्या की कुणीतरी विचारायचं, "हे परीक्षेला आहे का?" घरचा अभ्यास दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन जणांच्या घरची वीज गेली होती आणि तिघेही एकाच इमारतीत राहत नव्हते. मी मात्र पहिल्या बाकावर बसून सगळं उतरवून घेत होतो, कारण मला पास व्हायचं होतं. माझ्या शेजारी इतिहासाच्या मॅडम बसायच्या. त्यांना पास व्हायची गरज नव्हती, त्या कायम आहेत, पण त्याही उतरवून घ्यायच्या. (त्यांचं अक्षर फार सुरेख आहे. हे ओघात आलं.)

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. आम्हाला वाटलं, व्याख्या वगैरे विचारतील. हळूबाईंनी आदल्या आठवड्यात प्रत्येकाकडून त्याने काढलेला सत्र परीक्षेचा पेपर आणि उत्तरसूची मागून घेतली होती. आम्हाला वाटलं, संग्रहासाठी. त्या दिवशी त्यांनी ते पेपर ज्याचे त्याला परत वाटले, कोऱ्या उत्तरपत्रिका दिल्या आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आता आपापला पेपर सोडवा. मुलांना दिला होता तेवढाच वेळ. सुरुवात करा." खोलीत अशी शांतता पसरली की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, आणि ते घड्याळ चालतं हे आम्हाला तेव्हा कळलं. मग एकदम कालवा. वनस्पतिशास्त्राच्या बाईंच्या पेपरात 'कोणतेही पाच सोडवा' असं होतं आणि खाली प्रश्न चारच होते. गणिताचे सर वेळ वाढवून मिळेल का विचारायला लागले. (यांनी एका पोराला घंटा झाल्यावर शेवटचा आकडासुद्धा लिहू दिला नव्हता.) एकाने पाणी प्यायला जायची परवानगी मागितली आणि तो परत आलाच नाही.

मी निवांत होतो. स्वतःचा पेपर, स्वतःचा विषय, घरचं अंगण. पण शब्द लिहायला वेळ लागतो, आत्या, हे मी विसरलो होतो. शेवटचे दोन प्रश्न तर वाचणंही होणार नाही हे अर्ध्या वाटेतच लक्षात आलं. त्यात ट्रकचा प्रश्न समोर आला. एक ट्रक चालला आहे, त्याचं वजन इतकं, चालकाने ब्रेक इतक्या जोराने दाबला, तर ट्रक किती अंतरावर थांबेल? दहा गुण. मी ट्रकचं चित्र काढलं, बाण काढले, सूत्र लिहिलं, आणि आकडे घालायला गेलो तर त्यात वेगच नाही. पुन्हा वाचलं. ट्रक किती वेगाने चालला होता हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. वर्गात हाच ट्रक मी दरवर्षी चालवतो, पण तो आकडा वहीत बघून सांगतो, त्यामुळे तो मलाही पाठ नाही. 'कोणत्या शहाण्याने हा पेपर काढलाय' असं मनात आलं आणि मग त्या शहाण्याची सही खाली दिसली. झालं असं होतं की पेपर एका पानात बसवा असं कार्यालयाने सांगितलं होतं. माझी एक ओळ जास्त होत होती, म्हणून मी ती उडवली होती. ती वेगाची ओळ होती. अखेर जे खरं तेच लिहिलं, "वेग दिलेला नाही. म्हणून उत्तर काढता येत नाही." लिहून झाल्यावर दाराशी आलेली ती पाच-सहा पोरं आठवली. त्यांनीही हेच लिहिलं असणार.

उत्तरपत्रिका एकमेकांत बदलून तपासायच्या होत्या, आणि तेही दुसऱ्या विषयाच्या माणसाने. हळूबाईंचं म्हणणं असं की उत्तरसूची इतकी नेमकी हवी की विषय न कळणाऱ्यालाही गुण देता यावेत. माझा पेपर कुणाकडे गेला असेल? इतिहासाच्या मॅडमकडे. (हळूबाईंनी वाटले, मी काही केलं नाही.) शंभरपैकी तेहतीस. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागतात. ट्रकपुढे मोठा, सुरेख, गोल भोपळा. मी त्यांच्या बाकाशी गेलो आणि शक्य तितक्या खालच्या आवाजात म्हणालो, "मॅडम, हा ट्रकचा प्रश्न जरा बघता का?"

त्या म्हणाल्या, "बघितला सर. तुमच्या सूचीत आकडा दिलाय आणि पुढे 'अन्यथा शून्य' लिहिलंय. तुमच्या उत्तरात आकडा नाही. मी इतिहासाची, मला ट्रकमधलं काय कळतं?"

"अहो, पण प्रश्नच चुकीचा आहे!"

"असेल. पण नाचता येईना..." असं म्हणून त्या थांबल्या. पूर्ण केलं असतं तर मी भांडलो असतो. त्या थांबल्या, म्हणून कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मी हळूबाईंकडे दाद मागितली. त्यांनी प्रश्न वाचला, माझं उत्तर वाचलं आणि म्हणाल्या, "तुमचं उत्तर बरोबर आहे. दहा गुण देते. पण मग ज्या मुलांनी असं लिहिलं त्यांनाही द्यावे लागतील, आणि त्यासाठी प्राचार्यांना सांगावं लागेल. कधी सांगता?" आता बघ माझी अवस्था. गप्प बसावं तर प्रशिक्षणात नापास, समितीपुढे नाव नाही, म्हणजे पुन्हा उन्हाळा आणि पुन्हा शिपायाचा प्रश्न. सांगावं तर समिती बसायच्या तोंडावर प्राचार्यांना कळवायचं की तुमच्या घरी येणाऱ्या सगळ्या फोनांचं कारण मी. इकडे आड तिकडे विहीर. मी प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या सूचनाफलकावरच्या सगळ्या सूचना वाचल्या, कालबाह्य झालेल्यासुद्धा. इतिहासाच्या मॅडम जाता जाता म्हणाल्या, "आत जा सर, फलक पाठ करून गुण नाही मिळत." आणि मी आत गेलो.

सगळं सांगितलं. खाली मान घालून उभा राहिलो. वर बघितलं तर प्राचार्यांचे डोळे पाणावले होते. "म्हणजे प्रश्न चुकला होता?" म्हणाले. "नक्की? लेखी द्याल?" मी म्हटलं, देतो. त्यांनी उठून माझा हात धरला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! मी दोन महिने लोकांना काय उत्तर देऊ म्हणून झोपलो नाही, आणि उत्तर तुमच्याकडे होतं!" तेवढ्यात फोन वाजला आणि तो त्यांनी, मी पहिल्यांदाच पाहिलं, हसत उचलला.

मग सगळा गठ्ठा फेरतपासणीला काढला. परीक्षा विभागाच्या त्या कोंदट खोलीत मी आणि सोबतीला नियमाप्रमाणे दुसऱ्या विषयाचं एक माणूस. (कोण ते तुला कळलंच असेल, तू हुशार आहेस.) आणि तिथे मला खरा धक्का बसला. पहिल्या खेपेला ट्रकला पुरे गुण मिळवलेल्या पोरांनी उत्तरात वेग चक्क लिहिला होता, माझ्या वहीतला, पाठ करून. प्रश्नात तो नाही हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि ज्यांनी प्रश्न नीट वाचला, विचार केला, त्यांना मी भोपळे वाटले होते. एका मुलीने तर लिहिलं होतं, "वेग दिल्यास उत्तर काढून दाखवीन," आणि खाली सूत्र मांडलं होतं, माझ्यापेक्षा नीटनेटकं. तिच्यापुढे दहा लिहिताना मला लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. त्या सगळ्यांचे गुण वाढले, बहुतेक पोरं पास झाली, आणि त्यांच्याबरोबर मीही, शंभरपैकी त्रेचाळीस. समितीने माझ्या कबुलीचा कागद वाचला, एक सदस्य म्हणाले, "चूक कबूल करणारा माणूस आहे, ठेवून घ्या, दुर्मिळ असतात." आत्या, मी कायम झालो. घरी येऊन दार लावलं आणि जमिनीवर आडवा पडून राहिलो. किती हायसं वाटलं म्हणून सांगू! पाठही थोडा वेळ दुखायची थांबली. पोरं अजून शून्य सरच म्हणतात, पण आता तोंडावर म्हणतात.

तर असं आहे. गुडघ्यांना जप, जिने कमी चढ (किती कमी ते डॉक्टरांना विचार), काकाला नमस्कार सांग.

तुझाच, काठावर पास झालेला,
भाचा

ता. क. 'अन्यथा शून्य' मी उत्तरसूचीतून काढून टाकलं आहे. आता उत्तर चुकलं तरी रीतीचे गुण देतो. तूही या पत्राला रीतीचे काही गुण दे.

ता. क. २. नोकरी कायम झाली आहे, तेव्हा आता बाकीचे विषय काढायला तुझ्या समासातल्या सूचनेप्रमाणे हरकत नसावी. विषय एकच आहे आणि तो इतिहास आहे. त्यांचं उत्तर होकारार्थी आहे. (विचारायला मला ट्रक थांबायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागला.) अडचण त्यांच्या वडिलांची. ते निवृत्त शाळा-तपासनीस आहेत. मी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. ते हिरव्या शाईने तपासून परत आलं. दहापैकी चार. शेरा, "पाल्हाळ फार, मुद्दा शेवटी. अर्जदाराने वडीलधाऱ्यांमार्फत यावे."

ता. क. ३. तू नोकरीत असताना तपासनीस शाळेत यायचे ते घाबरत यायचे, असं बाबा सांगायचे. आत्या, आईबाबांच्या मागे मला वडीलधारं माणूस तूच. हे पत्र या खेपेला तपासून परत पाठवू नकोस. तू स्वतःच ये. त्यांचं घर तळमजल्यावर आहे, जिना एकही नाही, मी बघून आलो आहे.