फीमाफीच्या बाई आणि शेजारणीचा सोफा

निल्दा,

तुझ्या खासगी विद्यापीठाच्या फीमाफीवाल्या बाई आज घर बघून गेल्या. "आजी, घर आहे तसंच दिसू दे," असं तू बजावलं होतंस. पण एवढी टेकडी चढून आलेल्या पाहुणीला जमिनीवर बसवू? शेजारच्या एउलालियाचा मखमली सोफा आणला. बाई म्हणाल्या, "सेन्योरा, तुम्हाला मदत कशाला हवी?"

मी ताडकन म्हटलं, "सोफा शेजारणीचा, हुशार नात तेवढी माझी!"

बाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "उद्या परत येते, सोफा देऊन टाका. नाहीतर अर्ज बाद होईल."

सोफा परत उचलून न्यायला एउलालियाच्या पोरांना बोलवायला निघालेय. उद्या बाईंना खोक्यावर बसवीन. पण खोक्यावर इस्त्रीची चादर घालणारच, मधे बोलायचं नाही.

आजी