सातव्या दिवशी परत येणारे

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र लगेच फोडणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. दोन दिवस फ्रिजवर पडू देशील आणि तिसऱ्या दिवशी चहा पिताना उघडशील. चालेल. फोन तू उचलत नाहीस, मेसेज न वाचताच पुसतेस, म्हणून शेवटी पेन हातात घेतलं. चार ओळींतच बोटं आखडली. सबंध दिवस की-बोर्ड बडवणाऱ्या बाईचे हे हाल.

आधी घरचं सांगते. बाबा बरे आहेत. काठी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत एकटे जाऊन येतात. मी खिडकीतून बघत राहते ते त्यांना कळलंय, म्हणून वळणावर पोचले की मागे न बघता काठी उंच करून दाखवतात. दाढी आता डाव्या हाताने करतात, हनुवटीखाली रोज थोडी राहते. वजन वाढलंय. शेजारचे पोस्टमास्तर संध्याकाळी पत्ते खेळायला येतात. त्यांना कमी ऐकू येतं आणि बाबांना फारसं बोलता येत नाही, त्यामुळे दोघांचं छान जमतं.

आता तो विषय, ज्यावरून तू टेबलावरून उठून गेलीस. टाळावा असं फार वाटतंय, पण तो टाळला तर पुढचं काहीच सांगता येणार नाही.

तुला आठवतं, सुरुवातीला ॲप वगैरे काही नव्हतंच. बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. तू स्पीच थेरपिस्ट, त्यामुळे दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी चित्रं काढायला बसलीस. कात्री, बादली, चष्मा, एकशे चाळीस पुठ्ठे. बाबा चष्म्याला तीन आठवडे ‘कप’ म्हणायचे आणि आपणच वैतागायचो. पुठ्ठे सारखे खाली पडायचे, म्हणून मी ते फोनवर आणले. मग तुझ्या एका पेशंटच्या बायकोने मागितलं, मग दुसऱ्याच्या मुलीने. दोन वर्षांत चार हजार माणसांकडे आपलं ॲप गेलं आणि तिथेच अडकलं. रोज तीस जण नवीन यायचे आणि रोज तितकेच गुपचूप निघून जायचे. का जातात, ते ना तुला माहीत होतं ना मला.

म्हणून ॲप वाढवून देणारे सल्लागार आले. तू त्यांचं नाव आकडेशास्त्री ठेवलंस, तेही त्यांच्या देखत. माणूस वाईट नव्हता, ताई. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “शंभर जणांनी ॲप घेतलं, तर सातव्या दिवशी किती परत येतात?” आपण ते कधी मोजलंच नव्हतं. मोजल्यावर कळलं, अकरा. तो अकराचा आकडा ऐकून तू चष्मा काढून टेबलावर ठेवलास, ते मला अजून दिसतं.

मग लोक ॲपमध्ये काय करतात ते मोजणारी, ॲनालिटिक्सची तीन टूल्स आपल्यासमोर आली. पहिलं फुकटचं आणि सगळं मोजणारं, पण मोजलेलं सगळं जाहिरातवाल्यांच्या पदरात टाकणारं. ते आपण दोघींनी एका मिनिटात बाद केलं. दुसरं माणसाच्या फोनची स्क्रीन जशीच्या तशी टिपणारं: बोट कुठे टेकलं, कुठे घुटमळलं, कुठे माघारी फिरलं. सल्लागारांचा सगळा जीव त्यात होता. तिसरं छोटंसं, आपल्याच सर्व्हरवर बसणारं. कोण काय करतं ते त्याला कळत नाही. किती जण कुठपर्यंत आले, एवढंच सांगतं. तू तिसऱ्यावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, “माझ्या खोलीत पेशंटसमोर आरसा असतो. पण त्या आरशाच्या मागे मी कुणाला बसवत नाही.” मी हो म्हटलं. आणि तू गावाला गेलीस त्या आठवड्यात दुसरं टूल बसवलं.

तुला माझ्या लॅपटॉपवर ते दिसलं तेव्हा मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. “लोक निघून जातात ते चालेल, पण बघितलेलं चालणार नाही?” असं काहीसं. मला तेव्हा ते फार बिनतोड वाटलं होतं. तू पर्स उचललीस आणि गेलीस. माझी समजूत होती की तू चार दिवसांत येशील. त्याला आता आठ महिने होतील.

खरं सांगायचं तर टूलने काम केलं. पहिल्याच आठवड्यात दिसलं की माणसं माइकची परवानगी मागणाऱ्या चौकटीपाशी अडतात. चौकटीतलं वाक्य इतकं लांब होतं की ज्यांना शब्दच सुधरत नाहीत ती बिचारी माणसं तिथेच हरायची. मी त्याचे तीन शब्द केले. मग दिसलं की चुकल्यावर येणारी लाल फुली बघून लोक ॲप बंद करतात. फुली काढली. सातव्या दिवशी परत येणारे अकराचे सव्वीस झाले. सल्लागारांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मला मात्र हे आधी तुला सांगावंसं वाटायचं, आणि नेमकं तुलाच सांगता येत नव्हतं.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी नेहमीसारखी रेकॉर्डिंग बघायला बसले. ‘माझे शब्द’ म्हणून आपण एक रिकामी जागा ठेवली होती बघ, तुझीच कल्पना, ज्याला जे बोलावंसं वाटतं ते त्याने स्वतः लिहावं आणि त्याचा सराव करावा. टूल अशा जागेतली अक्षरं झाकतं, पण त्यासाठी एक खूण करावी लागते. ती खूण करायची मी विसरले होते. कुणीतरी एक वाक्य लिहीत होतं. एक अक्षर यायचं, पुसलं जायचं, पुन्हा यायचं. नऊ शब्दांचं वाक्य व्हायला वीस मिनिटं गेली. मग माइकचं बटण दाबलं गेलं. आवाज आमच्याकडे येत नाही, फक्त आवाजाची रेघ हलताना दिसते. रेघ हलायची, मध्येच सपाट व्हायची, पुन्हा बटण दाबलं जायचं. पंधरा वेळा तरी. ते वाक्य एका माणसाने दुसऱ्या एकाच माणसासाठी लिहिलेलं होतं. मी ते शेवटपर्यंत वाचलं, ताई. पहिल्या शब्दालाच बंद करता आलं असतं. नाही केलं. नंतर मी घाईने लॅपटॉप मिटला, जणू कुणाच्या तरी दारामागे उभी असताना पकडली गेले.

दुसऱ्या दिवशी ते टूल काढून टाकलं, साठलेली सगळी रेकॉर्डिंग पुसली आणि तू म्हणाली होतीस ते छोटं टूल बसवलं. सल्लागारांना राग आला नाही, वाईट वाटलं. “गुपचूप काढा, कुणाला कळणारही नाही,” एवढं म्हणाले. पण मी ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, तू शिकवलंस तशी छोटी छोटी वाक्यं करून. आम्ही तुमची स्क्रीन पाहत होतो. तुम्हाला विचारलं नाही. आमचं चुकलं. आता बंद केलं. त्यानंतर जवळजवळ तीनशे जणांनी ॲप काढून टाकलं. दोन बायकांनी मला फोनवर झाडलं, ते मी ऐकून घेतलं. सल्लागारही आता येत नाहीत.

पण ॲप वापरणाऱ्या एका सुताराचं उत्तर आलं. त्यात तीनच शब्द होते. “या. बसा. दाखवतो.” मी गेले. खोलीभर लाकडाचा भुसा आणि मधोमध हा आडदांड माणूस, मांडीवर फोन. त्याने ॲप उघडलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे आवाज बंद. मी कारण विचारलं. त्याने शब्द गोळा करायला बराच वेळ घेतला, मग म्हणाला, “ती... शाब्बास म्हणते. मी... लहान आहे?” ताई, तो ‘शाब्बास’ तुझ्या आवाजातला आहे. आपण दोघींनी किती हौसेने तो ध्वनिमुद्रित केला होता! तिन्ही टूल्स एकत्र बसवली असती तरी हे कळलं नसतं. आता दर आठवड्याला मी एकाकडे जाते, विचारून, वेळ ठरवून, शेजारी बसून बघते. ‘शाब्बास’ काढून टाकला. सातव्या दिवसाचा आकडा पडेल अशी मला भीती होती. तो सव्वीसचा चोवीस झाला आणि आता हळूहळू वर सरकतोय. आपण दोघी बसून ठरवलं असतं तर याहून लवकर जमलं असतं. तुझी माफी मागायची ती एवढ्यासाठीच नाही, तुला हो म्हणून मी खोटं वागले त्यासाठी. ती मागते.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं, तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते. खरं कारण वेगळं आहे. आपल्या घरातले फोन मी मोजणीतून नेहमी वगळते, पण बाबांनी पोस्टमास्तरांबरोबर जाऊन मला न सांगता नवा फोन घेतला होता. ते वाक्य बाबांचं होतं. सुरुवातच ‘ताई’ अशी होती, बाबा तुला हाक मारतात तशी, आणि पुढचं आपल्या घराबाहेर कुणाला माहीत नाही. पुढे पुढे तू इथे असताना ते सराव करायचे नाहीत, तू पुठ्ठे पुढे केलेस की भिंतीकडे तोंड करायचे, आणि तू मला म्हणायचीस की त्यांनी प्रयत्न सोडला. सोडला नव्हता. तुझ्यासमोर त्यांना पेशंट व्हायचं नव्हतं, एवढंच. आणि तुझ्या मनात काय आहे तेही मला कधीचं माहीत आहे. झटका आला त्या सकाळी त्यांचा तुला फोन आला होता, जीभ जड होती, आणि झोपेत आहेत असं समजून तू ‘नंतर बोलते’ म्हणालीस. हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. बाबांच्या फोनच्या यादीत मला तो कॉल दिसला, बाकीचं तू दवाखान्यात झोपेत बडबडलीस, आणि मीही गप्प राहिले. त्यांना मात्र तो फोन आठवतो. परवा त्यांना ॲपवरची माझी सूचना शेवटी पूर्ण वाचता आली, जेवता जेवता थांबले, स्वतःकडे बोट दाखवून म्हणाले, “मी... पण?” मी म्हटलं, “हो बाबा. तुमचंही बघितलं. चुकले मी.” ते ताटावरून उठले, खोलीत गेले. मला वाटलं, आता हेही गेले. अर्ध्या तासाने दारात येऊन म्हणाले, “वाक्य... सांगू नको. तिला... बोलाव.” म्हणून ते वाक्य मी इथे लिहीत नाही. तू ये. दुपारी चारला ये, त्या वेळी त्यांचा आवाज मोकळा असतो. समोर बस, हातात काही घेऊ नकोस आणि एकही अक्षर त्यांच्या तोंडात घालू नकोस. तिसऱ्या शब्दानंतर ते बराच वेळ थांबतात. संपलं असं समजून उठू नकोस. पुढे अजून आहे.

तुझीच,
धाकटी