पूर्वेकडची खोली

५ फेब्रु. १९७८, रवि.
पिपरी मेघेचं घर तिसऱ्यांदा पाहिलं. तीन खोल्या, पूर्वेला अंगणापलीकडे एक सुटी खोली, तिला लागून विहीर. कुमुदने रहाट ओढून पाणी काढलं, प्यायली, माझ्याकडे पाहून मान हलवली. म्हणजे ठरलं. आमच्या बोरगावच्या घरमालकाला मेअखेर जागा रिकामी हवी, त्याच्या मुलाचं लग्न. दुसरं घर शोधायला वेळही नाही.

निघताना कुंपणात धामण निघाली. घरधनी गुलाबरावने फावड्याने मारली. पहिल्या घावातच संपली होती. त्याने अकरा घातले. मी मोजले. (मोजत का उभा राहिलो?)

"मेली ना, गुलाबराव."

"मेली म्हनून सोडाचं नसते, मास्तर."

या माणसाकडून घर घ्यायचं आहे. इसार देऊन झाला.

९ फेब्रु., गुरु.
पटवाऱ्याकडून उतारा मिळाला, चौथ्या खेपेला. वडील वारल्यावर वारस म्हणून एकट्या गुलाबरावचं नाव. पण परवा तोच बोलता बोलता म्हणाला होता, बहीण आहे, गिरजा, देवळीकडे दिली. अर्जनवीस देवीदासजींना विचारलं. कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून बसतात, वीस वर्षं खरेदीखतं लिहितात.

"बहिनीचं नाव कोनी लावते का, मास्तर? भाऊबीजेले लुगडं नेलं, झालं तिचं. हिस्सा मांगतला का माहेर मेलं."

"कायद्याने निम्मं तिचं आहे."

"कायदा येते का ओवाळाले?"

बाकावरचे सगळे हसले. मीही थोडा हसलो. वर्गात नागरिकशास्त्र शिकवतो.

१० फेब्रु., शुक्र.
गुलाबरावला सांगितलं, बहिणीची संमती लागेल. तो कुऱ्हाडीला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "तिले काय विचाराचं? मी हो म्हटलं का तिचं हो." चोरून अंगठा घेऊन येईल अशी शंका आली. म्हणून मीच गिरजाबाईंना पत्र लिहिलं. पाकीट आणलं होतं, पण मग वाटलं, पाकिटात म्हणजे भावाच्या पाठीमागे कारस्थान केल्यासारखं. लपवण्यासारखं काय आहे? उघडं कार्डच टाकलं. सहा ओळी. 'आपला निम्मा हिस्सा असल्याचे समजते. आपली इच्छा काय ते नि:संकोच कळवावे.' टाकल्यावर हलकं वाटलं.

२० फेब्रु., सोम.
मधल्या सुट्टीत गुलाबराव शाळेत आला. अनवाणी. शिक्षकांच्या खोलीत माझं कार्ड टेबलावर आपटलं.

"वाचा, मास्तर. मोठ्यानं वाचा. तिथंबी मोठ्यानंच वाचलं."

गिरजाबाईंच्या गावी डाक किराणा दुकानात टाकतात. दुकानदाराने कार्ड चारचौघांत वाचलं. गिरजाबाईंचा नवरा किसना तंबाखू घ्यायला आला होता. 'निम्मा हिस्सा' एवढं ऐकून तडक घरी गेला. एवढी इस्टेट अन् मले सांगतलं नाई? ती म्हणाली, ते भावाचं हाय. त्याने बैल हाकायच्या तुतारीने मारलं. उजवा हात मनगटाच्या वर दोन ठिकाणी मोडला. तरी ती तेच म्हणत राहिली, भावाचं हाय.

गुलाबरावने माझी कॉलर धरली. "बारा वर्सं मी लुगडं नेलं तिले. तुमी एक कारड नेलं." भिंतीवर डोकं आपटलं माझं, दोनदा. चपराशाने सोडवलं. मी म्हणत होतो, मी फक्त विचारलं, फक्त विचारलं.

खेड्यात कार्ड कोणी एकट्याने वाचत नाही. माझ्या आईची पत्रंही दुकानातच वाचली जायची. मला हे माहीत होतं. 

२६ फेब्रु., रवि.


गुलाबरावने बहिणीला दवाखान्यातून पिपरीलाच आणलंय, पूर्वेकडच्या खोलीत ठेवलंय. व्यवहार मोडू या, हे सांगायला गेलो. फाइल मात्र बरोबर नेली. अंगणात उभे होतो तोच किसना विहिरीकडून आला, हातात कुऱ्हाड.

"माही बायको काढ भाईर!"

गुलाबरावने सब्बल उचलली, विहिरीच्या कामाची लोखंडी पहार. कुऱ्हाड त्याच्या खांद्याला चाटून गेली, बनियन फाटून रक्त. सब्बल किसनाच्या कानावर बसली. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. गिरजाबाई मध्ये आली, प्लास्टरचा हात पुढे करून. तिला दोघांनीही ढकललं. कोणी आधी, सांगता येत नाही. ती विहिरीच्या काठावर आडवी पडली, डोकं पाण्यावर लोंबत. मी चार पावलांवर होतो. शेजारच्या दोघांनी ओढलं तिला. मी नाही. माझे दोन्ही हात फाइलभोवती होते.

उताऱ्याच्या मागच्या बाजूला रक्ताचे थेंब पडलेत. नक्कल पुन्हा काढावी लागेल, हे त्याच क्षणी माझ्या मनात आलं. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाकबूल करता येणार नाही.

जमादाराने जबाब घेतला. "पत्र कोनं लिवलं?" मी. "अन् काऊन, कशापाई?"

६ मार्च, सोम.
दोघेही जामिनावर सुटले. आणि समेट! देवीदासजींच्या टेबलाशी दोघे शेजारी बसले होते, एकाचा खांदा बांधलेला, एकाचं डोकं. बशीत चहा ओतून पीत होते. आलेली किंमत निम्मी निम्मी. गिरजाबाई संमती देणार, मग किसना तिला घेऊन जाणार. गुलाबराव शेतातल्या घरात राहायला जाणार. घर आमचं. १३ तारखेला रजिस्ट्री.

"बाईचा हात तर मोडला," मी म्हणालो.

"उजवा मोडला. अंगठा डावा लागते," देवीदासजी.

किसना हसला. मग गुलाबरावही. "हे आमचे जवाई नेम धरूनच मारतात!"

मागितली होती ती संमती हीच. मजकूर वाचला, बिनचूक आहे. 'राजीखुशीने, कोणाच्याही दाबदडपणाशिवाय.' चतुःसीमा: पूर्वेस विहीर, तिच्या पलीकडे नाला.

घरी कु.ला सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईशी कोणी बोललंय का?" मी म्हणालो, कार्ड पाठवलं होतं.

८ मार्च, बुध.
दुपारी दार वाजलं. गिरजाबाई. एकटी, पिपरीहून चालत. पस्तिशीची असेल, समोरचा एक दात ताजा पडलेला. कु.ने पाट दिला, पाणी दिलं. डाव्या हाताने प्यायली.

"तुमीच का कारडवाले?"

"हो."

"सारे मले त्याच्यापाई मारून राह्यले. माह्या हातात त आलंच नाई ते. का लिवलं होतं?"

मला पाठ आहे. म्हणून दाखवलं. 'आपली इच्छा काय ते नि:संकोच कळवावे' इथे आलो तशी ती थांबली.

"असं लिवलं होतं?"

"हो."

"हे नाई वाचलं कोनी."

मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मंग आयका. नवऱ्याघरी जात नाई मी. आता हात मोडला, पुढच्या खेपेले मान मोडन तो. भावाचं घर मले नाई पायजे. इहिरीकडची खोली पायजे. बाप त्याच खोलीत गेला, मी होती उशाशी. बाकीचं घर तुमी घ्या, खुशाल नांदा. ते खोली माह्या नावानं लिवा, मंग देतो अंगठा. नाई त नाई."

जाताना कु.ला म्हणाली, "बाई, मास्तर चांगले हाये. पन कारड नोका लिवू देजो."

कु. हसली. मला हसू आलं नाही.

९ मार्च, गुरु.
देवीदासजींकडे गेलो. पूर्वेकडची खोली वगळून दस्त लिहा म्हणालो. त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला.

"मी नाई लिवत. मले इथंच बसाचं हाय, या लिंबाखाली."

बातमी तासाभरात पिपरीला पोचली. गुलाबरावने बहिणीला केस धरून अंगणात फरफटवलं. किसना शेजारी उभा राहून पाहत होता, असं दूधवाला सांगतो. ती पुन्हा खोलीत शिरली आणि आतून कडी घातली.

घर सोडून द्यावं का? सोडलं तर मे महिन्यात आम्ही रस्त्यावर, आणि ती त्या दोघांच्या हातात. घेतलं तर ते दोघे आमच्या कुंपणाशी, जन्मभर. कोणता विचार तिच्यासाठी आणि कोणता माझ्यासाठी, वेगळं करता येत नाही.

१२ मार्च, रवि.
उद्या अकराला रजिस्ट्री.

सकाळी बसून दस्ताचा मसुदा मीच लिहिला. चार वेळा. मजकुरात काही कठीण नाही, वीस वर्षं उगीच घाबरलो या भाषेला. 'पूर्वेकडील एक खोली व विहिरीचा वापर वगळून.' चतुःसीमा: उत्तरेस रस्ता, दक्षिणेस परसाची भिंत, पश्चिमेस लिंब. पूर्वेस... इथे शाईचा पेन ठेवून पेन्सिल घेतली. मग पेन्सिल ठेवून पेन घेतला. पूर्वेस गिरजाबाई यांची खोली.

गुलाबराव सही करेल का? नाही करणार. करेल, किंमत हवी आहे त्याला. मला ठाऊक नाही. मी फावड्याचे अकरा घाव पाहिलेत.

दुपारी गुलाबरावचा निरोप: "तिले सांगा, खोली पायजे त घे, कडीसकट जाळतो." कु.ने तो ऐकला, डबा भरला, चादर घेतली आणि पिपरीला निघाली. मी म्हणालो, मी येतो. "तुम्ही कागद पुरा करा. मी तिच्याजवळ बसते. दोन बाया आत असल्या तर जरा विचार करतील."

विचार करतील हे तिला कोणी सांगितलं? मी का जाऊ दिलं? कागद पुरा करायचा होता म्हणून.

साडेपाच. कु. अजून आली नाही. दूधवाला आत्ता गेला, म्हणाला पिपरीत विहिरीजवळ माणसं जमलीत, दार ठोकल्याचा आवाज येतोय. पुढे काही पाहिलं नाही त्याने.

मसुदा टेबलावर ठेवतो. या खेपेस हात मोकळे. सायकल काढतो.