आरशाशिवाय

१४ जून, दुपार

तीर्थरूप आत्यांना साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. सकाळपासून उभी आहे, कंबर वाकायला तयार नाही.)

गुडघा कसा आहे? व्यायाम खरंच करता, की लेकीला नुसतं 'झाला करून' सांगता? ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, तपासायला आलेल्या डॉक्टरांनाच तुम्ही केस बारीक करायचा सल्ला दिलात. म्हणजे तब्येत सुधारतेय.

इथे सगळं ठीक. दुसरी खुर्ची करकरत होती, तिला तेल घातलं. हाताखालची आपली बुटकी केस रंगवायला इतकं छान शिकलीय की गिऱ्हाइकं आता मला सोडून तिला मागतात. पाटीवाला येऊन माप घेऊन गेला. दुकानाच्या पाटीवर माझं नाव घालायला तुम्ही त्याला फोनवरून सांगितलंत म्हणे. मी म्हटलं, घाई नको, आत्यांना येऊ दे. तर म्हणतो कसा, "बाईंनी बजावलंय, ती नको म्हणेल, तरी रंगव." चहा पाजून कसाबसा परत पाठवला त्याला.

आता मुद्द्याचं. नाही, आधी दुसरंच सांगते.

ग्रंथालयातल्या बाईंनी मागे समाजकार्याच्या पदवीची माहिती आणून दिली होती, आठवतं? तुम्ही म्हणाला होतात, "नसत्या उठाठेवी तू आधीच करतेस, त्याला पदवी कशाला हवी?" मी हसले, आणि अर्ज करून टाकला. तुम्ही ऑपरेशनच्या गडबडीत होतात म्हणून बोलले नाही, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं म्हणजे भीती.

मुलाखतीला बोलावलं. समोर तीन जण. त्यातल्या एका प्राध्यापक बाईंनी नुकताच नवरा गेलेल्या बाईचं सोंग घेतलं आणि मला सांगितलं, हिच्याशी बोला. त्या मान खाली घालून बसल्या. मी काय केलं असेल? उठले आणि सरळ त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले! दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर. मग वर बघितलं तर समोर आरसा नाही, नुसती भिंत.

हसू नका. इतकी वर्षं बायकांशी बोलले ती आरशातूनच ना? हात केसांत, डोळे काचेत. समोरासमोर बसून कुणाचं दुःख ऐकायची सवयच नाही मला. बाकीचे दोघे हसू दाबत होते. बाईंनी मात्र सोंग सोडलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही मागे गेलात, मला एकटं वाटतंय." मग खुर्ची ओढून समोर बसले. आत्या, किती अवघड आहे हो ते! डोळे कुठे ठेवावेत कळेना, रिकाम्या हातांचं काय करावं कळेना. "कधी गेले?" एवढंच विचारता आलं. नंतर बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला शिकावं लागेल." मी म्हटलं, "म्हणूनच तर आलेय."

मग त्यांनी विचारलं, हेच काम का? भाषण पाठ केलं होतं, ते ऐन वेळी उडालं. मग तुमचंच सांगितलं. कुणा गिऱ्हाइकाला रडू फुटलं की तुम्ही "रंग संपलाय, घेऊन या" म्हणून आम्हाला बाहेर काढायचात. फडताळ रंगाने गच्च भरलेलं असायचं. मानेवर वळ असलेली ती शिक्षिका आली, तेव्हा केस धुऊन झाल्यावर तुम्ही मलाच तिच्यासोबत मदत केंद्रात पाठवलंत. तिथल्या कार्यकर्तीने तिला पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला काय हवंय?" मला वाटलं, मलाही असं विचारणारं कुणी भेटायला हवं होतं. मग आठवलं, भेटलं होतं की.

"त्या तुमच्या कोण?" बाईंनी विचारलं.

"नवऱ्याची आत्या," मी म्हटलं. तिघांचीही पेनं थांबली.

सख्खा भाचा दारात तमाशा करत होता आणि तुम्ही कात्री हातात घेऊन उंबऱ्यात उभ्या होतात. "ती इथेच राहील. तू निघ." माझा काडीमोड नंतर झाला, तुमचं माहेर त्याच दिवशी तुटलं. यावर आपण कधी बोललोच नाही. मी आभार मानायला गेले की तुम्ही म्हणायचात, "बडबड पुरे, झाडू मार." आज झाडू मारायला सांगायला तुम्ही इथे नाही, म्हणून लिहून टाकते. तुमच्यामुळे मी जिवंत आहे. हातात कला आहे, आणि रात्री झोप लागते. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडायची मला घाईही नाही.

माझी निवड झाली.

वर्ग दिवसभर असतात, शिवाय गावोगावच्या केंद्रांत जाऊन काम करायचं असतं. म्हणजे दुकान नाही. अर्धा दिवससुद्धा नाही, सगळ्या बाजूंनी जमवून बघितलं. पाटीवर कुणाचं नाव घालायचं ते तुम्ही ठरवा. बुटकीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, एवढंच सांगते.

खरं तर परवानगी मागायला म्हणून हे पत्र लिहायला बसले होते. पण खोटं कशाला लिहू? होकार आज सकाळीच कळवून आले. आधी विचारलं असतं आणि तुम्ही नको म्हणाला असतात, तर मी राहिले असते. हसतमुखाने राहिले असते, आणि तुम्ही ते हसू पहिल्याच दिवशी ओळखलं असतंत.

तेव्हा रागवा. ताईंच्या हातून फोन ओढून घ्या आणि घसा बसेपर्यंत ओरडा. फक्त अबोला धरू नका. तुमचा अबोला कसा असतो ते मी पाहिलंय. भावाच्या घराशी धरलात तो अजून सुटलेला नाही, आणि तो माझ्यासाठी होता. माझ्याशीच धरलात, तर मी कुणाच्या दारात जाऊ?

तुमच्या ओरडण्याची वाट बघत फोनपाशी बसलेली,
तुमचीच