जा की त्याच्यामागं

आई, आज पुन्हा टीव्हीशी बोलले. मोठी नात म्हणाली, "आजी, त्यांना ऐकू जात नाही गं." मी म्हटलं, जातं, कधीकधी जातं. आणि मग तुझी अशी काही आठवण आली की तिच्याकडून दोन कागद मागून घेतले. मी चौथीपर्यंत शिकलेली, तुला तर सही पण येत नव्हती, तेव्हा माझ्या शुद्धलेखनाच्या चुका तू काही काढणार नाहीस. ते एक बरंय.

सायखेड्याला यात्रेत नदीकाठी सिनेमाचा तंबू लागायचा, आठवतं? मध्ये कापड बांधलेलं, अलीकडं बाया, पलीकडं गडी. तू एकदम पुढं बसायचीस आणि सिनेमा सुरू झाला की तुझंही सुरू व्हायचं. "आगं ये, नको ऐकू त्याचं! लबाड हाय तो!" पलीकडचे गडी खो खो हसतायत, मी लाजून तुझा पदर ओढतेय, आणि तू पडद्यावरची नजर न काढता माझ्या हातावर चापट मारतेस. घरी आल्यावर बापू चिडले, गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाय म्हणाले. तू भाकरी थापत थापत म्हणालीस, "आपल्याला दिसतंय, त्या बिचारीला दिसत नाय. मग सांगायला नको का?" बापू जेवले आणि झोपले.

तर माझा धाकटा. तू गेलीस तेव्हा पाळण्यात होता. पुढं इथं नाशिक रोडलाच नोकरीला लागला. त्याच्याच ऑफिसातला एक मुलगा आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं आला, सुरगाण्याकडचा, लाजाळू. नागलीची भाकरी अशी करायचा की मी बघतच राहायचे, काठ कुठं फुटायचा नाही. महिन्याभरात तो आमच्यातच जेवायला लागला. धाकटा लहानपणापासून घुमा, पण तो जिन्यावरून उतरला की आमचा घुमा खुलायचा. मला कुणी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण आईला दिसतं गं. कॉलनीतल्या बायांना पण थोडं दिसत असणार, कारण कोपऱ्यातल्या वहिनी येता-जाता टोचायच्या, "भाडेकरू अजून आहे का? आणि मुलाचं लग्न कधी?" त्या मुलाच्या कानावर हे गेलं असावं. त्यानं गुपचूप नागपूरकडं बदली मागून घेतली. धाकटा म्हणाला, "जाऊ दे ना आई, त्याच्या भल्याचं आहे." असं म्हणाला आणि चार घास खाऊन उठला.

ज्या दुपारी तो भाडेकरू मुलगा निघाला, त्याच दुपारी बाया माझ्याकडं जमलेल्या. टीव्ही सगळ्यांत मोठा माझा. तेव्हा केबलवाला दुपारी आपल्या चॅनेलवर सिनेमा लावायचा, बाया फोन करून फर्माईश सांगायच्या. त्याची हिरवी ट्रंक घेऊन रिक्षा स्टेशनकडं गेली. धाकटा नुसता भिंतीकडं बघत बसेल म्हणून मी त्याला स्वयंपाकघरात मेथी निवडायला बसवला आणि बाहेर येऊन बसले. सिनेमात दोन मुलं. आम्हाला वाटलं, दोस्त आहेत. मग एकजण पावसात भिजून येतो, दुसरा टॉवेलनं त्याचं डोकं पुसतो, पुसता पुसता हात थांबतो, आणि आई, माझ्या खोलीतल्या बायांचे शेंगदाणे सोलणारे हात पण थांबले! एक म्हणाली, "शी, हे काय बाई?" दुसरी म्हणाली, "पोरं देखणी आहेत हो पण." तिसरी हसू दाबायला तोंडात पदर कोंबून बसली. कोपऱ्यातल्या वहिनी उठल्या आणि माझ्याच फोनवरून केबलवाल्याला झापायला लागल्या, "लेकीबाळी बघतात, आधी बंद करा!" तिकडं पडद्यावर एक मुलगा बॅग उचलून चाललाय, दुसरा दारात खांबासारखा उभा. मला काही राहवलं नाही. "अरे बघतोस काय असा! जा की त्याच्यामागं!"

सगळ्या माझ्याकडं वळल्या. तेवढ्यात सिनेमा तुटला आणि गणपतीची आरती सुरू झाली. मी पुन्हा ओरडले, "जा की!" बाया हसून लोळायला आल्या. "अहो काकू, आता गणपतीला कुठं पाठवता?"

आत परात खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मागच्या दारानं स्कूटर.

नंतर हसू ओसरलं. हळूच कुणीतरी विचारलं, "पुढं काय झालं असेल हो?" आणि कुणी घरी जाईना. चहा झाला, दुसरा झाला. मी बघते तर फाटकात स्कूटर. दोघं, आणि दोघांच्या मधे ती हिरवी ट्रंक. दोघांचे डोळे लाल. बाया नुसत्या बघतायत. मला वाटलं, आता वहिनी काहीतरी तोडून बोलणार. त्या ट्रंकेकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मेथी पुरणार नाही हो काकू, माझ्याकडं जुडी आहे, आणते."

केबलवाला पुढं मला सांगत होता, "बंद करा म्हणून एकच फोन, आणि पुन्हा लावा म्हणून किती ते विचारू नका!" दुसऱ्या दुपारी त्यानं पहिल्यापासून लावला. त्यात तो मुलगा मागं जातच नाही गं. दारातच उभा राहतो. सगळ्या रडल्या, आणि वहिनी तर पडद्यावर बोट नाचवून ओरडल्या, "मेल्या, पाय मोडलेत का तुझे?" आई, तू असायला हवी होतीस. तुझा तंबूच उभा राहिला माझ्या घरात!

ट्रंक अजून वरच आहे, तिच्यात आता गोधड्या असतात. दोघांचे केस पिकलेत. भाकरी अजून तोच करतो.

हे कागद मी पापडाच्या डब्याखाली अंथरणार आहे, पाठवायचे नाहीत, वाचून दाखवायचे नाहीत. एवढंच तुझ्या कानावर घालते. पहिल्यांदा ओरडले ती तुझी सवय. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा माझं तोंड स्वयंपाकघराकडं होतं.