पलीकडच्याला हाक मारणार नाही

मंगळवार, ४ जून
दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, आजोबा, तुमचं ब्लडप्रेशर जिभेवरून चढतं. राग आला की बोलू नका, लिहून काढा. मला राग येत नाही. लोक येईल असं वागतात. तरी लिहितो.
अभयारण्यात आल्यावर पाहुण्यांनी काय काय करायचं ते समितीने ठरवलं. सकाळी सिंह. दुपारी सरोवरात होडी. चार वाजता आमचं गाव, कारण गाव अभयारण्याच्या पोटातच आहे. गावात टोपल्या विणायच्या, नाचणीचा उंडा खायचा आणि शेवटी प्रत्येक पाहुण्याला एम्पाको मिळणार, आमच्या पद्धतीचं मायेचं नाव. ते देणार कोण? पलीकडच्या घरातला.
समितीची प्रमुख माझीच मुलगी, कोमुहेंडो. तिला म्हटलं, गावात वडीलधारा मी आहे. ती म्हणाली, बाबा, काका पाहुण्यांवर खेकसत नाहीत.
मी कधी खेकसलो, असं मी तिला विचारलं. सरोवरातल्या होड्यांनी वळून पाहिलं.

बुधवार, ५ जून
पलीकडचा म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याचं नाव मी लिहिणार नाही, एम्पाको तर नाहीच. दोन पावसाळ्यांपूर्वी माझी होडी धक्क्यावरून सुटून वाहत चालली होती, तेव्हा त्याने सगळ्या कोळ्यांसमोर मला तिबामवेंडा अशी हाक मारली. नुसती. थोरल्या भावाला. आमच्यात नावाने हाक मारतो तो पोलीस किंवा मास्तर. बाकीचे एम्पाकोने मारतात. माझं एम्पाको अराली. अराली म्हटलं की माया, मान, सगळं त्यात आलं. शिवाय तिबामवेंडा म्हणजे ‘हा कोणाला आवडत नाही’. आईने शेजारणींवरच्या रागातून ठेवलेलं. धक्क्यावरच्या पोरी तोंडाला पदर लावून हसल्या.
बायको म्हणते, अराली, होडी वाचावी म्हणून ओरडले भावोजी, घाईत काय तोंडून जाईल ते जाईल. मी म्हटलं, अब्वोली, अक्षरं मोज. घाईत छोटं नाव सोपं की मोठं?
ती मासे साफ करायला गेली.

शुक्रवार, ७ जून
ठरलं. समितीशी भांडायचं नाही. आपला वेगळा कार्यक्रम काढायचा. पाहुण्यांनी खरोखर करण्यासारखं काय आहे? माझ्या अंगणात चटईवर बसणं. एकदा काठावर माझी आणि हत्तीची नजरानजर झाली आणि हत्तीने नजर खाली घेतली, ती हकिकत ऐकणं. मग माझ्याकडून एम्पाको. इंग्रजीची अडचण नाही. चौथी झालो आहे, आणि ती तेव्हाची चौथी.
भोपळ्याचा वेल पुन्हा खाल्लेला. पलीकडच्याच्या परसात एक म्हातारा पाणघोडा चिखलात पडून असतो. तरण्या नरांनी त्याला सरोवरातून हाकलला, तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर डाफरतो. असल्या जनावराची मला काडीइतकी कीव येत नाही. पाहुणे त्याचे फोटो काढतात. माझा अजून एकाने काढला नाही.

रविवार, ९ जून
पहिला पाहुणा आला. जर्मन. संडास शोधत होता. त्याला बसवला, हत्तीची हकिकत सांगितली. ऐकताना सारखा उठून उभा राहत होता, इतका रंगला. पलीकडचा अमूती, आद्येरी असली कोणालाही चालणारी नावं वाटतो. मी त्याच्यावर कडी केली. ओकाली दिलं.
ओकाली फक्त आमच्या तोरो राज्याच्या राजाचं असतं. हे मला माहीत होतं. त्या उत्साहात आठवलं नाही, इतकंच.
जर्मन गावभर सांगत सुटला, मी ओकाली, मी ओकाली. म्हाताऱ्या बायका जागच्या जागी गुडघ्यावर बसल्या. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, अराली, एका माणसाला लघवीला लागली आणि तू त्याला राजगादी देऊन टाकलीस.
जेवताना बायको एवढंच म्हणाली, महाराजांना निदान संडास तरी दाखवायचा होता.

बुधवार, १२ जून
कोमुहेंडोचा हुकूम. चार वाजता बाबांनी घरात बसायचं. ठीक आहे, बसतो. कुंपणावरून बघायला समितीने मनाई केलेली नाही.
पलीकडचा पाहुण्यांना सांगत होता, एकदा एम्पाको घेऊन हाक मारली की भांडण तिथे मिटतं, मग राग धरता येत नाही. सांगताना माझ्या कुंपणाकडे बघत होता. मूर्ख. म्हणून तर मी मारत नाही.

शुक्रवार, १४ जून, संध्याकाळ
चार वाजता पलीकडचा पाहुण्यांना घेऊन परसात उभा होता, चिखलाकडे पाठ करून. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी गालगुंड झालं होतं, मीच त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेलो होतो. पाणघोडा उठला. एरवी अंधार पडल्याशिवाय हलत नाही. आज उठला आणि सरळ त्याच्या पाठीवर चालून आला. पाहुणे फोटो काढत राहिले. त्यांना वाटलं, हेही कार्यक्रमात आहे.
नुसतं ‘ए’ म्हटलं तर तो वळायचा नाही, लहानपणापासून वळला नाही. नावाने हाक मारावी, तर धक्क्यावरच्या त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? एवढा विचार मी केला असं आता वाटतं. केला नसणार.
मी ओरडलो, अपूली.
आई जेवायला बोलवायची, तशा आवाजात गेलं.
तो वळला. पाणघोड्याकडे नाही, आधी माझ्याकडे. मग पळाला, कुंपण मोडून माझ्या भोपळ्यात पडला. पाणघोडा त्याच्या खुर्चीचा चुरा करून सरोवराकडे उतरला.
भोपळ्यात पडल्या पडल्या तो म्हणाला, अराली, वेल मोडला रे तुझा.
पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

शनिवार, १५ जून
काल जेवण अपूलीकडे झालं. बायकोने परस्पर ठरवलं होतं. मी फक्त त्यांचा घेवडा नीट शिजत नाही हे सांगायला गेलो होतो. दोनदा वाढून घेतला, खात्री करायला.

सोमवार, १७ जून
ड्रायव्हरांनी ही गोष्ट सगळ्या लॉजांवर पोहोचवली. पाहुणे विचारतात, ते दोन भाऊ कुठे आहेत? समितीने ठराव केला. टोपल्यांनंतर, नाचणीच्या आधी, आमचा समेट. रोज. पाणघोड्याला तरण्यांनी पाण्यात परत घेतलं, तो यायला तयार नाही. त्याच्याशिवाय करायचं.
बायकोला म्हटलं, गावाला शेवटी माझी किंमत कळली. ती म्हणाली, कळली ना. सिंह, होडी, टोपल्या, मग तुम्हीच.

गुरुवार, २० जून
चार वाजता तीन गाड्या. अपूली चिखलाकडे पाठ करून उभा राहिला. मी कुंपणावरून ओरडलो, अपूली. तो वळला आणि म्हणाला, अराली, जरा मोठ्याने, मागच्यांना ऐकू आलं नाही.
मला भयंकर राग आला. पण एम्पाको घेऊन झालं होतं, धरता येईना. पुन्हा ओरडलो.